रिपोर्टातले टक्के

परवा ओळखीच्या एका गृहस्थांकडे गेलो, तो घर अगदी चिडीचूप. पत्नीच्या स्तनातील गाठीचा तुकडा तपासावयास दिला होता, त्याचा रिपोर्ट आला होता. त्यात ‘की-६७ : ३५ टक्के’ अशी ओळ. कॉलेजातल्या चिरंजीवांनी ती वाचून, “आईचा रोग पस्तीस टक्के पसरला,” असे सांगून टाकले होते. त्या रात्री घरात कोणी जेवले नव्हते.

वाचकहो, त्या ओळीचा हा अर्थ नव्हेच!

की-६७ हे पेशीच्या केंद्रकातील एक प्रथिन. पेशी विभागणीच्या फेऱ्यात असली की ते दिसते, स्वस्थ बसली की दिसत नाही. जर्मनीतील कील शहरी योहानेस गेर्डेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते ओळखणारी अँटिबॉडी तयार केली, ती १९८३ साली जाहीर झाली. कीलचा ‘की’, आणि प्रयोगाच्या तबकडीतील सदुसष्टावा खळगा. नाव इतके साधे! ही अँटिबॉडी वापरून तुकड्याचा पातळ काप रंगवला की विभागणीत गुंतलेली केंद्रके तपकिरी होतात, बाकीची निळी राहतात. शंभर कर्कपेशींत पस्तीस तपकिरी, म्हणजे पस्तीस टक्के. रात्री चाळीच्या उजेड असलेल्या खिडक्या मोजाव्यात, तसे हे. चाळ किती लांब आहे, ते त्यावरून कळावयाचे नाही. त्यासाठी गाठीचा आकार, काखेतील गाठी, स्कॅन.

पस्तीस म्हणजे वाढ वेगाची, हे मात्र खरे. ते लपवण्यात अर्थ नाही. पण मोजणाऱ्यागणिक आकडा हलतो. संप्रेरकांना दाद देणाऱ्या, हर-टू नसलेल्या, आरंभीच्या स्तनकर्करोगात पाच किंवा त्याहून कमी, अथवा तीस किंवा त्याहून अधिक, एवढ्यावरच उपचार ठरवताना भिस्त ठेवावी, असे तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०२१ साली म्हटले. तेव्हा एकीकडे अठरा, दुसरीकडे बावीस आले म्हणून झोप उडवू नये. शेजारणीच्या आकड्याशी तुलना तर नकोच. बर्किट लिंफोमात तो शंभराच्या जवळ जातो, तरी त्यातले पुष्कळ रोगी औषधांनी बरे होतात. आणि आपल्या निरोगी आतड्याच्या अस्तरातही तपकिरी केंद्रके भरपूर सापडतात!

मी तो कागद मागून घेतला. त्याच ओळीच्या वर ‘एस्ट्रोजन रिसेप्टर : पॉझिटिव्ह’ असे छापले होते. म्हणजे संप्रेरक रोखणाऱ्या गोळ्यांचा उपयोग होण्याजोगा. ती ओळ त्या घरात कोणी वाचलीच नव्हती.