वाद जरूर घालावा, पण योग्य प्रश्नावर



‘हवामान बदलाचे विज्ञान अजून सिद्ध झालेले नाही’ आणि ‘विज्ञानाचा निकाल लागला, आता चर्चा बंद करा’ अशी दोन्ही टोकांची पत्रे आपल्या सदरात अलीकडे वाचली. दोन्हीकडची गफलत एकच आहे. हवामान बदल हा जणू एकच प्रश्न आणि त्याचे उत्तर हो किंवा नाही, असे धरून दोघेही भांडतात. प्रत्यक्षात त्यातले काही प्रश्न कधीच निकाली निघाले, काही अर्धवट सुटले आणि काही अजून खुले आहेत. आपण निकाली निघालेल्यांवरच शाई खर्च करतो आणि खुल्या प्रश्नांना कुणी वाली उरत नाही.

निकाली निघालेल्या प्रश्नांपासून सुरुवात करतो. कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवतो, हे जॉन टिंडल यांनी 1859 मध्ये प्रयोगशाळेत दाखवले. हवेतील त्याचे प्रमाण वाढले तर पृथ्वी किती तापेल, याचे गणित स्वांते आर्हेनियस यांनी 1896 मध्ये मांडले. तेव्हा ना पर्यावरणवाद्यांची चळवळ होती, ना कुठली जागतिक परिषद. हवाई बेटावरील मौना लोआ येथे 1958 पासून या वायूची मोजणी चालू आहे. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे 315 भाग होता, आज 420 च्या वर गेला आहे.

‘वायू वाढला, पण तापमान सूर्यामुळे वाढले’ असे एका पत्रलेखकाने लिहिले आहे. हे तपासता येते. सूर्य जास्त तापला असता तर वातावरण खालपासून वरपर्यंत तापले असते. प्रत्यक्षात जमिनीलगतची हवा तापते आहे आणि वरचे स्थितांबर थंड होते आहे. उष्णता अडवणारा वायू वाढला तर नेमके असेच घडेल, हे स्युकुरो मानाबे यांनी 1967 मध्येच गणिताने दाखवले होते. 2021 च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला, तो हवामानाच्या अशाच गणिती प्रारूपांसाठी.

शंका घेणाऱ्यांचा हुकमी एक्का म्हणजे ‘2035 पर्यंत हिमालयातील हिमनद्या नाहीशा होतील’ हे विधान. हवामान बदलाच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या मंडळाच्या 2007 च्या अहवालात ते होते आणि ते साफ चूक होते. एका विज्ञान-साप्ताहिकातील 1999 च्या बातमीतून ते एका स्वयंसेवी संस्थेच्या अहवालात गेले आणि तिथून नीट तपासणी न होता आयपीसीसीत शिरले. भारतीय भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांच्या 2009 च्या टिपणातून वेगळे चित्र समोर आले, तेव्हा आयपीसीसीचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याची टर उडवली. जानेवारी 2010 मध्ये आयपीसीसीला जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. टर उडवण्याचा तो उद्दामपणा अक्षम्यच होता. पण चूक उघडकीला आणली ती हिमनद्यांचा अभ्यास करणाऱ्यांनीच. ती सुधारल्यावर हिमनद्या वाढू लागल्या, असेही झाले नाही. हिंदुकुश-हिमालय प्रदेशाच्या 2019 च्या आढाव्यानुसार, तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी या शतकाअखेर तिथल्या हिमनद्यांचा किमान एक-तृतीयांश भाग जाईल. तारीख चुकली, दिशा नाही.

आता खुले प्रश्न. हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान किती वाढेल? आयपीसीसीचा 2021 चा अंदाज अडीच ते चार अंशांचा आहे. ही तफावत लहान नव्हे. ‘नक्की आकडा नाही, मग घाई कशाला’ असे विचारणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की अनिश्चितता खालच्या बाजूला असते तशी वरच्या बाजूलाही असते.

मोसमी पावसाचे कोडे तर आपल्या दारातले आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेला केंद्र सरकारचा 2020 चा आढावा सांगतो की 1951 ते 2015 या काळात देशातील मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला. ज्या भागांत ही घट ठळक आहे, त्यांत पश्चिम घाटही येतो. त्याच काळात मध्य भारतात अतिवृष्टीच्या घटना मात्र वाढल्या. घटीमागे प्रदूषणाच्या सूक्ष्म कणांचा हात असावा आणि पुढे तापमानवाढीमुळे पाऊस वाढेल, असे तो आढावा म्हणतो. पण किती वाढेल, कधी आणि कोणत्या जिल्ह्यात? मराठवाड्यातील शेतकऱ्याला हेच हवे असते आणि त्यावरच प्रारूपांचे एकमत नाही. वाद घालायचा तर इथे घाला.

‘चर्चा बंद’ म्हणणाऱ्या मित्रांनाही एक सांगणे आहे. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला 75 मिलिमीटरही नाही. अशा एकेका ढगफुटीवर हवामान बदलाचा शिक्का मारून मोकळे होणे सोपे असते आणि महापालिकेला ते सोयीचेही असते. त्या पुराची कारणे शोधणाऱ्या माधवराव चितळे समितीने तेव्हा मिठी नदीवरील अतिक्रमणांवर आणि तुंबलेल्या नाल्यांवर बोट ठेवले होते. सगळे खापर हवामानावर फोडले की नाला बुजवणारा नामानिराळा राहतो.

‘हे सगळे पाश्चात्त्यांचे कारस्थान’ हा युक्तिवाद तर भारताच्याच मुळावर येतो. 2024 मध्ये बाकूच्या जागतिक हवामान परिषदेत विकसनशील देशांसाठी वर्षाला 300 अब्ज डॉलरच्या अर्थसाहाय्याचे उद्दिष्ट ठरले, तेव्हा ते तुटपुंजे आहे म्हणून भारताने भर सभेत आक्षेप नोंदवला. श्रीमंत देशांनी दीड-दोन शतके धूर सोडला, म्हणून त्यांनी जास्त भार उचलावा, ही आपली मागणी रास्त आहे. पण त्या धुराने पृथ्वी तापतच नसेल, तर आपण त्यांच्याकडे मागतो आहोत ते कशाबद्दल?

बर्कलेचे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड मुलर यांनाही तापमानाच्या नोंदींवर शंका होती. त्यांनी जगभरच्या नोंदी नव्याने तपासल्या. त्यांच्या प्रकल्पाला कोळसा-तेलाच्या उद्योगाशी जोडलेल्या कोक प्रतिष्ठानचेही पैसे होते. 2012 मध्ये त्यांनी जाहीर केले की तापमानवाढ खरी आहे आणि ती जवळजवळ पूर्णपणे मानवनिर्मित आहे. शंका घ्यावी तर अशी, हिशेब मांडून आणि उत्तर पटले नाही तरी स्वीकारायच्या तयारीने.

म्हणून पत्रलेखकांना माझी विनंती आहे की कोणता पुरावा मिळाला तर आपण मत बदलू, ते पुढच्या पत्रात लिहावे. माझ्यापुरते सांगतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढत असताना काही दशके पृथ्वीचे तापमान स्थिर राहिले किंवा तापणाऱ्या जमिनीबरोबर स्थितांबरही तापू लागले, तर मी याच सदरात माझे म्हणणे मागे घेईन.

– भूगोलाचा एक निवृत्त शिक्षक, सातारा