आईचे दूध आणि कोलेस्टेरॉलचा बागुलबुवा

कोलेस्टेरॉलचे नाव काढताच सुशिक्षितांच्या मनात धडकी भरते. हा पदार्थ आईच्या दुधात भरपूर आणि डब्यातील भुकटीत नाममात्र असतो, हे कळल्यावर भुकटीच हितकर, असा ग्रह होणे अशक्य नाही. निसर्गाचा हिशेब मात्र निराळा आहे.

आईच्या १०० मिलिलिटर दुधात साधारणतः १० ते १५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते. भुकटीत बहुधा वनस्पती तेले वापरतात. त्यांत ते जवळजवळ नसतेच. साहजिकच अंगावर पिणाऱ्या बाळाच्या रक्तात कोलेस्टेरॉल अधिक आढळते. त्यात भिण्याजोगे काही नाही. पेशींची आवरणे आणि मज्जातंतूंचे वेष्टन घडविण्यास ते लागतेच. भुकटीवरचे बाळ ते स्वतःच्या शरीरात अधिक तयार करून उणीव भरून काढू पाहते. प्रौढपणी चित्र उलटते: अंगावर प्यालेल्यांचे कोलेस्टेरॉल सरासरीने किंचित कमी असल्याचे अनेक पाहण्यांत दिसले आहे. हा फरक अल्प आहे आणि त्यात घरच्या परिस्थितीचाही वाटा असू शकतो. त्याचा डांगोरा पिटण्याचे कारण नाही. पण मोठ्यांचे पथ्य तान्ह्याला लावू नये, एवढे निश्चित.

१९९२ च्या कायद्याने भारतात अशा भुकटीच्या जाहिरातीस बंदी घातली. २०१७ मध्ये पगारी प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली; परंतु शेतमजूर वा घरकाम करणाऱ्या बाईच्या पदरी ती क्वचितच पडते. तिला उसंत न देता स्तनपानाचे गोडवे गाणे हा निव्वळ दांभिकपणा होय.