चॅम्पियन झाली तरी टीम बंद होते, ती का?

अष्टमी (ता. रोहा) : मुंबई सिटीची मॅच मोबाईलवर बघणाऱ्या रोहा-अष्टमीच्या पोरांना महिंद्रा युनायटेड हे नाव बहुधा माहीत नसेल. १९६२ साली कंपनीची टीम म्हणून उभा राहिलेला मुंबईचा हा क्लब २००५-०६ मध्ये नॅशनल फुटबॉल लीग जिंकला. देशात एक नंबर! आणि २०१० मध्ये कंपनीनेच टीम बंद केली. मैदानावर हरली म्हणून नव्हे, मालकाने पैसा शालेय फुटबॉलकडे वळवायचं ठरवलं म्हणून.

पुढे २००७ चा मुंबई एफसी २०१७ ला आय-लीगमधून खाली घसरला आणि संपला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गेला, त्याची जागा हैदराबादने घेतली.

मुंबई सिटी तर २०२०-२१ ला शील्ड आणि कप दोन्ही जिंकलेला क्लब. पण जुलै २०२५ मध्ये महासंघ आणि आयोजक कंपनीचा करार संपत आला, नवा होईना, आणि आयएसएलचा अख्खा हंगामच लटकला. खेळाडू काय करणार?

कोल्हापुरात गोष्ट उलटी. पाटाकडील, खंडोबा या तालमींच्या टीम. शाहू स्टेडियमवर त्यांच्या मॅचला आजही तुफान गर्दी होते, कारण टीम पेठेची आहे. रायगडातल्या कबड्डी मंडळांसारखंच म्हणा ना. एक देणगीदार गेला, तर दुसऱ्याकडे पावतीपुस्तक जातं. अर्थात ती आयएसएलच्या तोडीची लीग नव्हे, हेही खरंच.