शरीरातील यंत्राची जबाबदारी कोणाची?

अमेरिकेच्या न्यूरालिंक कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये मानेखालील हालचाल गमावलेल्या एका तरुणाच्या मेंदूत उपकरण बसवले. मार्चमध्ये तो केवळ विचारांच्या साहाय्याने संगणकावर बुद्धिबळ खेळताना जगाने पाहिला. या यशाचे स्वागत करतानाच एका जुन्या अनुभवाचे स्मरण ठेवणे आवश्यक आहे.

‘सेकंड साइट’ या अमेरिकी कंपनीची कृत्रिम दृष्टीची उपकरणे जगभरातील ३५० हून अधिक अंध व्यक्तींनी बसवून घेतली होती. २०१९ मध्ये कंपनीने ‘आर्गस-२’ या उपकरणाचे उत्पादन थांबवले. पुढील वर्षी ती दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोहोचली. दुरुस्तीचा आधार तुटला आणि यंत्र मात्र डोळ्यातच राहिले.

अशा उपकरणांना परवानगी देतानाच, कंपनी बंद पडल्यास त्यांची देखभाल कोण करणार, हे कायद्याने निश्चित व्हायला हवे.