दर्शनाची रांग आणि आपण

गेल्या महिन्यात थोरल्या बहिणीला घेऊन मी पुण्याहून पंढरपूरला जाऊन आलो. भाड्याची मोटार, पहाटे निघणे आणि रात्री परतणे, असा एका दिवसाचा प्रवास. पुढे शाखेच्या बैठकीत एका तरुण साथीने रोखठोक विचारले, "समाजवादी कार्यकर्त्याने देवळाची वाट धरावी काय?" प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तर जाहीरपणे देतो.

पंढरपूर हे आपल्या चळवळीला परके गाव नव्हे. विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे, या मागणीसाठी साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी तेथील तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण आरंभिले. त्यापूर्वी सेनापती बापटांच्या आग्रहावरून उपोषण लांबणीवर टाकून ते काही महिने महाराष्ट्रभर हिंडले होते, लोकांच्या मनाची दारे ठोठावीत होते. दहाव्या दिवशी उपोषण सुटले व मंदिर खुले झाले. ज्या महाद्वारासमोर, उंबऱ्याबाहेर, चोखोबांची समाधी आहे, तेथे शतकांनंतर का होईना, न्यायाचे एक पाऊल पडले.

या विजयाचे मोल जाणतानाच त्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. डॉ. आंबेडकरांनी २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. मंदिराचे दार उघडले म्हणून जमीन, रोजगार व शिक्षण यांची दारे आपोआप उघडत नाहीत, हा त्या पाच वर्षांचा धडा आहे. तो विसरून केवळ १९४७ चे गोडवे गाणे आपल्याला शोभणारे नाही.

तथापि जन्माने मिळणाऱ्या मक्तेदारीला पंढरीत धक्का बसला, हे खरे. बडवे व उत्पात यांचे वंशपरंपरागत हक्क संपविणारा कायदा १९७३ चा. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचे अंतिम शिक्कामोर्तब झाले जानेवारी २०१४ मध्ये. एका कायद्याला तडीस जाण्यास चाळीस वर्षे लागली! विशेषाधिकार किती चिवट असतात, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

आणि ते केवळ चिवट नसतात. ते वेषही पालटतात. जात विचारणारा द्वारपाल गेला, तर ओळख व पैसा विचारणारा त्याच्या जागी उभा राहू पाहतो. राज्यातील काही मोठ्या देवस्थानांत शुल्क भरणाऱ्यांसाठी वेगळी रांग आहे. शेकडो मैल पायी आलेली शेतमजूर बाई ताटकळत राहावी आणि मोटारीतून उतरलेला मनुष्य पुढे निघून जावा, ही भक्ती नव्हे, बाजार आहे.

त्या दिवशी माझीही कसोटी लागली. वाटेतच एका परिचित गृहस्थांचा फोन आला, "रांगेत कशाला थांबता? शब्द टाकतो, तासाभरात मोकळे व्हाल." बहिणीचे गुडघे दुखतात, रात्रीपर्यंत परतायचे होते, क्षणभर मला मोह झाला, हे कबूल करतो. नकार दिला तो बहिणीने. "एवढ्या लोकांना मागे सारून मी त्याच्यासमोर कोणत्या तोंडाने उभी राहू?" एवढेच ती म्हणाली. पदस्पर्शाची रांग लांब होती. तिने दुरून मुखदर्शन घेतले, नामदेव पायरीपाशी माथा टेकला, कळसाला हात जोडले. समतेवर आयुष्यभर व्याख्याने दिलेला मी तिच्यामागे मुकाट उभा होतो.

वृद्ध, अपंग व गरोदर स्त्रिया यांची निराळी सोय करणे हा न्याय आहे. सत्तेची आणि पैशाची निराळी सोय करणे हा अन्याय आहे. हा भेद आपण ठामपणे मांडला पाहिजे. सर्व सार्वजनिक देवस्थानांत दर्शनाची एकच रांग असावी, ही मागणी प्रत्येक शाखेने हाती घ्यावी. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी खुशाल जावे, ज्यांची नाही त्यांनी जाऊ नये. परंतु आपल्यापैकी कोणीही वशिल्याच्या दाराने जाता कामा नये. रुग्णालय असो, कचेरी असो वा देऊळ, जो तेथे रांग मोडतो त्याला समतेच्या मोर्चात घोषणा देण्याचा अधिकार उरत नाही.