वाळवंट कोणाच्या मालकीचे?

अमेरिकेतील यूटा राज्यात कोलोरॅडो नदीच्या काठी मोआब नावाचे पाच-सव्वापाच हजार वस्तीचे गाव आहे. १९६७ साली तेथील व्यापारी मंडळाने ईस्टरच्या दिवसांत एका दिवसाची जीप-सहल काढली. ती सहल आज नऊ दिवसांची झाली असून हजारो माणसे आपापली वाहने घेऊन तिच्यासाठी लांबलांबून येतात. सकाळी गाड्यांचे तांडे गावाबाहेर पडतात, टायरांतील हवा कमी केली जाते, चारही चाकांना इंजिनाचा जोर जोडला जातो आणि तांबड्या वालुकाश्माच्या उघड्या कातळांवरून, खोल घळींच्या कडेकडेने, माणसाच्या चालीने दिवसभराची चढाई सुरू होते. वाटांची नावे ‘हेल्स रिव्हेंज’, ‘पॉयझन स्पायडर’ अशी भयंकर. आणि या साऱ्या खटाटोपाचे समर्थन करताना वारंवार पुढे केला जाणारा शब्द एकच : स्वातंत्र्य.

या शब्दाची झडती घेणे अगत्याचे आहे. कारण गेली साडेचार दशके याच शब्दाच्या आडून अमेरिकेतील सार्वजनिक जमिनीवर धाडी पडत आहेत. ‘सरकार आमच्या वाटा बंद करते’ ही तक्रार जीपवाल्याची. पण तिचा उपयोग करून घेणारे हात खाणमालकाचे, जमीनदलालाचे आणि त्यांच्या राजकीय मुनिमांचे आहेत. ज्या माणसाला त्या वाळवंटाचा खरोखर लळा आहे, त्याच्याच आवाजात वाळवंट विकण्याची बोली पुकारली जावी, हा भांडवली राजकारणाचा जुना आणि यशस्वी डाव आहे.

वाहन-उद्योगाच्या जाहिरातींतील चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. निर्मनुष्य डोंगर, वर एक गाडी, आत एक माणूस. त्याला रस्त्याची गरज नाही, शेजाऱ्याची नाही, सरकारची तर नाहीच. मोआबच्या खडकावर उभे राहून या चित्रातील प्रत्येक दावा तपासला, तर त्यातला एकही टिकत नाही.

पहिला प्रश्न, वाट कोणी काढली? दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेला अण्वस्त्रांसाठी युरेनियम हवे होते. १९४६ च्या कायद्याने स्थापन झालेला अणुऊर्जा आयोग हा तेथील युरेनियमचा एकमेव गिऱ्हाईक होता. त्याने खनिजाला हमीभाव दिला, नव्या साठ्यांसाठी बक्षिसे लावली आणि कोलोरॅडो पठारावर खाणींपर्यंत पोहोचणारे शेकडो मैलांचे रस्ते सरकारी खर्चाने काढविले. १९५२ साली चार्ली स्टीन या भूगर्भतज्ज्ञाला मोआबच्या आग्नेयेस प्रचंड साठा सापडला आणि झुंबड उडाली. आज ‘व्हाइट रिम’ या सुमारे शंभर मैलांच्या ज्या वाटेवर प्रवासी हरखून जातात, ती अशीच अणुऊर्जा आयोगाने काढलेली वाट आहे. मुक्त व्यक्तीच्या पराक्रमाचे हे क्रीडांगण शीतयुद्धाच्या सरकारी तिजोरीने बांधले आहे.

दुसरा प्रश्न, जमीन कोणाची? यूटा राज्यातील जवळजवळ दोनतृतीयांश जमीन संघसरकारच्या, म्हणजे सबंध अमेरिकन जनतेच्या, मालकीची आहे. मुळात ती यूट, नवाहो व इतर आदिवासींकडून बळकावलेली, हे विसरून चालणार नाही. पण बळकावल्यानंतर तिचे तुकडे करून ती पुरती विकली गेली नाही, एवढे मात्र खरे. म्हणूनच शिकागोचा कामगार आणि डेन्व्हरचा डॉक्टर तेथे सारख्याच हक्काने जाऊ शकतात. याउलट टेक्सास राज्यात नव्वद टक्क्यांहून अधिक जमीन खासगी आहे. तेथल्या जीपवाल्याला खडकावर चाक घालायचे, तर बहुधा एखाद्या मालकाच्या फाटकावर पैसे मोजावे लागतात. तेव्हा मोआबचे स्वातंत्र्य हे सामाजिक मालकीचे अपत्य आहे. खासगी मालकीने तेथे फक्त गाडी दिली. पृथ्वी सर्वांची राहिली म्हणून गाडीला अर्थ आला.

तिसरा दावा एकट्या वीराचा. प्रत्यक्षात या वाटांवर शहाणा माणूस एकटा जात नाही. तांड्याच्या पुढे वाट जाणणारा म्होरक्या असतो, शेवटी मागे राहिलेल्यांना सांभाळणारी गाडी असते. अवघड कड्यावर चालकाला स्वतःचे चाक दिसत नाही. बाहेर उभ्या असलेल्या सोबत्याच्या हाताच्या खुणांवर विसंबून तो इंचाइंचाने पुढे सरकतो. एखादी गाडी अडकली की दुसरीच्या तारेने ती ओढून काढायची आणि आस मोडला तर सर्वांनी थांबायचे, हा अलिखित नियम. व्यक्तिवादाचा गजर करणारी ही मंडळी दिवसभर परस्पर सहकार्याने जगतात. समाजवाद्यांनी याची टिंगल करू नये. मनुष्य स्वभावतः स्वार्थी आहे असे सांगणाऱ्या पाठ्यपुस्तकांना मोआबचा प्रत्येक तांडा उत्तर देत असतो.

मग या मौजेचे बिल कोण भरते? अर्थशास्त्रज्ञ के. विल्यम काप यांनी १९५० साली खासगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर ग्रंथ लिहिला. उत्पादकाच्या वहीत न चढणारा आणि समाजाच्या अंगावर पडणारा खर्च, हा त्याचा विषय. त्याचे उदाहरण शोधायला मोआबच्या वेशीपलीकडे जावे लागत नाही. युरेनियमच्या खाणींत उतरलेल्यांत नवाहो आदिवासी मोठ्या संख्येने होते. खाणीतील किरणोत्सारी वायूमुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो हे युरोपातील खाणींवरून ठाऊक होते. १९५० पासून सरकारी आरोग्य खाते या खाणकामगारांची पाहणीही करीत होते. पण ज्यांची छाती तपासली जात होती त्यांना धोका सांगितला गेला नाही. नुकसानभरपाईचा कायदा होण्यास १९९० साल उजाडले. २०२४ मध्ये तो मुदत संपून बंद पडला आणि वर्षभराने, २०२५ मध्ये, पुन्हा चालू झाला. नवाहो प्रदेशात पाचशेहून अधिक सोडून दिलेल्या युरेनियम खाणी आहेत.

खुद्द मोआबला १९५६ मध्ये सुरू झालेली युरेनियमची गिरणी १९८४ मध्ये थांबली. नदीकाठी १ कोटी ६० लाख टन किरणोत्सारी गाळाचा ढिगारा मागे राहिला. मालक कंपनीने १९९८ साली दिवाळे काढले, आणि ढिगारा सरकारच्या, म्हणजे करदात्यांच्या, गळ्यात पडला. आगगाडीने तो सुमारे तीस मैल दूर नेण्याचे काम २००९ मध्ये सुरू झाले. पंधरा वर्षांनीही ते पुरते संपले नव्हते. नफा खासगी, राडारोडा सार्वजनिक, हे सूत्र याहून स्वच्छ शब्दांत मांडता येणार नाही.

सहलीचाही आपला वेगळा खर्च आहे. उघड्या कातळावर चाक फिरले तर फारसे बिघडत नाही; पण कातळाशेजारच्या मातीवर शैवाल, दगडफूल व सूक्ष्मजीव यांची काळपट, खडबडीत साय धरलेली असते. हीच साय वाळवंटातील माती बांधून ठेवते. तिच्यावरून एक चाक गेले तर ती भरून यायला वर्षे, कधी दशकेही लागतात. सुटलेली माती वाऱ्याबरोबर उडून कोलोरॅडोच्या पर्वतांतील बर्फावर बसते. मळलेले बर्फ ऊन अधिक शोषते आणि आठवडेच्या आठवडे आधी वितळते. हे पाप एकट्या जीपचे नाही. गुरांची बेसुमार चराई आणि खाणकाम यांचा वाटा त्यात मोठा आहे. परंतु त्या नदीच्या पाण्यावर सुमारे चार कोटी माणसे अवलंबून आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘माझी गाडी, माझी मर्जी’ या युक्तिवादाचा पोकळपणा कळतो. आणि गावात? पर्यटनाने घरांच्या किमती एवढ्या चढविल्या, की पाहुण्यांच्या चादरी बदलणाऱ्या व ताटे उचलणाऱ्या श्रमिकांपैकी काहींना मोटारीतच रात्र काढावी लागते. एकाच्या चैनीचे वाहन तेथे दुसऱ्याचे घर होते.

आता राजकारणाकडे वळावे. १९७२ मध्ये निक्सन यांनी आणि १९७७ मध्ये कार्टर यांनी आदेश काढून सार्वजनिक जमिनीवर वाहने कोठे चालावीत याला मर्यादा घातल्या. १९७६ च्या कायद्याने ही जमीन राष्ट्राच्या मालकीचीच राहील असे धोरण ठरले. त्यावर प्रतिक्रिया अशी, की ४ जुलै १९८० रोजी मोआबमध्ये काउंटीच्या निर्वाचित अधिकाऱ्यांनीच राष्ट्रध्वज लावलेला बुलडोझर राखीव भागाच्या दिशेने नेला. स्वातंत्र्यदिनी स्वातंत्र्याच्या नावाने सार्वजनिक मालमत्तेवर बुलडोझर! पुढे यूटा राज्याने १८६६ च्या एका खाणकायद्याचा आधार घेऊन बारा हजारांहून अधिक वाटांवर हक्क सांगितला. २०२३ मध्ये मोआबजवळच्या एका टापूतील ३१७ मैलांच्या वाटा वाहनांना बंद झाल्या, तेव्हा केवढा आक्रोश झाला. त्याच टापूत आठशेहून अधिक मैल मोकळे राहिले, हे मात्र दडपून ठेवण्यात आले. २०२४ मध्ये यूटाने १ कोटी ८५ लाख एकर संघीय जमिनीविषयी थेट सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने तो दावा ऐकण्यास नकार दिला. लगेच जूनमध्ये यूटाचेच सिनेटर माइक ली यांनी वीस ते तीस लाख एकर सार्वजनिक जमीन विकण्याची तरतूद अर्थविषयक विधेयकात घुसवली.

येथे मुखवटा गळून पडला. शिकारी, मासेमारी करणारे, भटके, पश्चिमेकडील रिपब्लिकन मतदारसुद्धा खवळून उठले आणि महिना संपण्यापूर्वी ती तरतूद मागे घ्यावी लागली. वाट बंद झाली तर पुढचे सरकार ती उघडू शकते. जमीन विकली गेली तर तेथे फाटक लागते आणि फाटकाला कुलूप. हा फरक सामान्य माणसाला उमगला. तो त्याला कोणत्याही समाजवादी पुस्तकाने शिकविला नव्हता. शनिवार-रविवारच्या भटकंतीने शिकविला होता.

यातून समाजवाद्यांनी दोन धडे घेतले पाहिजेत. एक म्हणजे अशा छंदांकडे ‘धनिकांचे चाळे’ म्हणून नाक मुरडणे सोडून द्यावे. महागड्या गाड्या मिरविणारे तेथे आहेतच. पण जुनी जीप स्वतःच्या हाताने दुरुस्त करून येणारा कारागीरही आहे. महाराष्ट्रालाही जीप परकी नाही. १९४७ साली मुंबईत विलिस जीपांची जुळणी सुरू झाली. तेव्हापासून तहसीलदाराच्या दौऱ्यापासून निवडणुकीच्या प्रचारापर्यंत आणि वडापच्या उतारूंपर्यंत तिने सर्वांना वाहिले आहे. यंत्राला वर्ग नसतो. त्याच्या वापराच्या अटींना असतो. श्रमिकाच्या विरंगुळ्याची टवाळी करणारी चळवळ त्याला आपण होऊन प्रतिपक्षाच्या छावणीत ढकलते.

दुसरा धडा मालकीच्या व्यवस्थेविषयीचा. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली असे मांडले, की सामाईक कुरण म्हटले की त्याचा नाश ठरलेला. तेव्हा ते खासगी तरी करा किंवा सरकारी अंकुशाखाली तरी आणा. या सिद्धान्ताची खासगीकरणवाल्यांनी पोथी केली. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या कुरणांचा, पाटपाण्याचा, मासेमारीचा अभ्यास करून १९९० मध्ये दाखवून दिले, की वापरणाऱ्यांनी नियम स्वतः केले, राखण स्वतः केली आणि नियम मोडणाऱ्याला जरब बसविली, तर सामाईक संपत्ती शतकानुशतके टिकते. २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले ते यासाठी. मोआबच्या दक्षिणेस ‘बेअर्स इअर्स’ या संरक्षित प्रदेशाच्या कारभारात पाच आदिवासी राष्ट्रांना २०२२ च्या कराराने सहभाग मिळाला. त्याच वाटेने पुढे जायला हवे. वाटा कोणत्या खुल्या राहाव्यात, कोणत्या मिटवाव्यात, हे वॉशिंग्टनच्या कचेरीने एकटीने ठरवू नये आणि वाहन-कंपन्यांच्या पैशावर पोसलेल्या दबावगटांनी तर मुळीच ठरवू नये. ते आदिवासी, गावचे श्रमिक, शास्त्रज्ञ आणि गाड्या घेऊन येणारे लोक यांनी एकत्र बसून ठरवावे. आणि खडकावरून होणाऱ्या कमाईतून गावच्या मजुराचे घर उभे राहावे.

जीपवाल्याचे स्वातंत्र्य खरे आहे. पण ते टिकायचे असेल, तर त्याने आपल्या गाडीवरील झेंड्याचा अर्थ नीट वाचला पाहिजे. ज्या खडकावर त्याचे चाक रुतून धरते तो खडक त्याच्या एकट्याचा नाही, एवढ्याच एका कारणाने तो त्याला मोकळा आहे. हे त्याला समजावून सांगण्याचे काम जो पक्ष करील, त्याचे वाळवंटातही ऐकले जाईल. जो पक्ष केवळ उपदेश करील, त्याच्या डोळ्यांदेखत फाटके उभी राहतील, आणि मग आत जाण्याचे तिकीट मालक ठरवील.