पिस्तूल कुठलं घ्यावं, असं विचारणाऱ्या मित्राला

गेल्या महिन्यात निपाणीत चहाच्या गाड्यावर बसलो होतो. आमच्यातला एक जण मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघत होता. कंबरेला लावायचं, शर्टाखाली दिसत नाही असं छोटं पिस्तूल. कुठलं स्वस्त, कुठलं अडकत नाही, कुठलं खिशात बसतं. बघता बघता तो मला म्हणाला, "तू पॉलिटिकल सायन्सवाला न्हवं? कायद्याचं बघतोस. सांग की, आपल्याला परवडंल असं कुठलं घ्यावं?"

मी हसलो. तो हसला नाही. म्हणाला, "हसू नको. परवा रात्री कोल्हापूरहून येताना बसमध्ये काय वाटलं ते मला माहीत हाय."

त्याला काय वाटलं ते मलाही माहीत आहे. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या नंबरप्लेटच्या गाड्यांवर दगड पडले, तेव्हा आपल्यापैकी कितीजणांच्या घरी 'आज जाऊ नको' असे फोन गेले! फेब्रुवारी २०२५ मध्ये बसमधल्या भाषेच्या भांडणावरून दोन्ही राज्यांची एसटी बंद पडली, तेव्हाही तेच. त्यामुळे या प्रश्नाला नुसतं 'येडा हायस काय' म्हणून उडवून लावणं मला पटलं नाही. भीती खरी आहे, तर उत्तरही नीट द्यायला हवं.

योगायोगाने मला यातलं थोडं माहीत झालं ते मामामुळे. मामाचं दुकान आहे, आठवड्याच्या बाजाराची रोकड घेऊन रात्री एकटाच मोटारसायकलवरून येतो. त्याने परवान्याचं मनावर घेतलं आणि 'तू शिकलेला हायस, फॉर्म तू भर' म्हणून मला बसवलं. त्या निमित्ताने शस्त्र कायदा १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ मी पहिल्यांदा नीट वाचले.

आधी मालाचं बोलूया, कारण प्रश्न तोच होता.

व्हिडिओत दिसणारी नऊ एमएमची पिस्तुलं विसरायची. आपल्याकडे नऊ एमएम हा 'प्रोहिबिटेड बोर' आहे, सामान्य माणसाला त्याचा परवाना मिळत नाही. परदेशी हत्यार मागवणं तर १९८० च्या दशकापासूनच बंद आहे. म्हणून आधी देशात आलेली जुनी विलायती पिस्तुलं हातोहात विकली जातात आणि त्यांची किंमत काही लाखांत जाते. मग उरतं काय? पॉइंट बत्तीस आणि पॉइंट बावीस.

पॉइंट बत्तीसमध्ये सरकारी कारखान्यांचं 'अशनी' पिस्तूल आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये २०१४ साली कानपूरच्या कारखान्याने 'निर्भीक' आणलं. वजन अर्धा किलोच्या आसपास, सहा गोळ्या, दिल्लीच्या घटनेनंतर बायकांसाठी म्हणून जाहिरात झाली, आणि किंमत होती सव्वा लाखाच्या घरात. तेव्हाच लोकांनी विचारलं होतं की ही कुठल्या बाईला परवडणार? पॉइंट बावीसचं 'निडर' जेमतेम पाव किलोचं. २०२३ मध्ये कानपूरच्याच सरकारी कंपनीने 'प्रबल' आणलं. उत्तर प्रदेशातल्या संडीला इथे वेब्ली अँड स्कॉटची रिव्हॉल्व्हरं बनतात. यादी जवळपास इथेच संपते.

भरवशाचं म्हणाल तर नवख्या माणसाने रिव्हॉल्व्हर घ्यावं, असं जाणकार सांगतात, आणि त्यामागचं कारण सोपं आहे. पिस्तुलात गोळी फुसकी निघाली किंवा रिकामी पुंगळी अडकली, तर वरचा भाग हाताने मागे ओढून ती काढावी लागते. घाबरलेल्या हाताला सरावाशिवाय ते जमत नाही. रिव्हॉल्व्हरचा घोडा पुन्हा ओढला की पुढचं घर समोर येतं. बदल्यात रिव्हॉल्व्हर जाड असतं, शर्टाखाली फुगवटा दिसतो. आणखी एक गोष्ट, पिस्तुलाची पॉइंट बत्तीस आणि रिव्हॉल्व्हरची पॉइंट बत्तीस या दोन वेगळ्या गोळ्या आहेत, एकीची दुसरीत चालत नाही. दुकानदाराला नुसतं 'बत्तीसच्या द्या' म्हणून भागत नाही.

झालं मालाचं. आता ते कुठे नेता येईल ते बघूया. माझं मत तिथे पक्कं झालं.

पहिली गोष्ट वय. एकवीस पूर्ण नसतील तर परवाना नाही. आमच्या गाड्यावरच्या पाच जणांपैकी दोघे तिथेच गळाले. त्यानंतर प्रशिक्षणाचा दाखला, पोलिसांचा अहवाल, जिवाला धोका आहे याचं कारण. 'वातावरण तंग आहे' हे कारण अर्जात लिहून बघा, वाचतानाच किती हलकं वाटतं ते कळेल.

दुसरी गोष्ट, लपवून नेणं. यात गंमत म्हणजे आपल्या नियमांत सार्वजनिक ठिकाणी हत्यार होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकूनच न्यायचं आहे. म्हणजे लपवून नेणं ही चोरी नाही, तोच नियम. पण परवान्याच्या अटी वाचल्या तर खरा खुलासा होतो. खास मंजुरी नसेल तर हत्यार जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, कुठल्याही सभेत आणि शिक्षणसंस्थेच्या आवारात नेता येत नाही. मित्रांनो, आपण विद्यार्थी. आपला दिवस कॉलेजात जातो. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाची फेरी, १७ जानेवारीचं हुतात्म्यांना अभिवादन, गणपतीची मिरवणूक, शिवजयंती, या सगळ्या सभा-मिरवणुकाच. ज्या ठिकाणी आपल्याला भीती वाटते, नेमक्या त्याच ठिकाणी ते पिस्तूल घरी ठेवून जायचं आहे. निवडणूक आली की आचारसंहितेत बहुतेकांना ते पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. वातावरण सगळ्यात जास्त तापतं तेव्हा ते ठाण्याच्या कपाटात.

तिसरी गोष्ट खास आपल्या सीमाभागाची. परवान्यावर तो कुठल्या भागात चालेल ते लिहिलेलं असतं. कर्नाटकापुरता परवाना असेल आणि तुम्ही कोगनोळी नाका ओलांडून कागलला गेलात, तर तुमच्या कंबरेला असलेली वस्तू तिथे बिनपरवाना ठरू शकते. दुसऱ्या राज्यासाठी वेगळी मंजुरी लागते. आता सांगा, निपाणीचा कुठला माणूस कोल्हापूरला जात नाही? दवाखाना कोल्हापूर, बाजार कोल्हापूर, सोयरीक कोल्हापूर, माझं कॉलेजही कोल्हापूर. जेमतेम चाळीस किलोमीटर. आपण म्हणतो ही रेषा आम्हाला मान्य नाही, आणि ते म्हणणं सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून आहे. पण कायद्यापुढे ती रेषा आज आहे आणि पिस्तुलाला ती पक्की लागू होते.

याच कर्नाटकात कोडगूमध्ये वेगळी तऱ्हा आहे. तिथल्या कोडवांना इंग्रजांच्या काळापासून परवान्याची सूट आहे, केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवलीय आणि उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती योग्य ठरवली. काहीजण म्हणतात, त्यांना मिळते तर आपल्याला का नको? पण तिथे बंदूक ही सणाची, घराण्याची गोष्ट आहे, तिची पूजा होते. आपल्या खानापूरच्या रानातल्या शेतकऱ्याकडे डुकरांसाठी बंदूक असते, निवृत्त फौजी डबल बार घेऊन बँकेच्या दारात उभा असतो. ती हत्यारं समोर दिसतात, सगळ्यांना माहीत असतात. शर्टाखालचं पिस्तूल माणसासाठीच असतं.

मी हे सगळं सांगितलं तेव्हा मित्र शांतपणे म्हणाला, "परवान्याचं राहू दे. पंधरा हजारात मिळतंय. एक जण देतोय."

तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

गावठी पिस्तुलाबद्दल आपल्या भागाने काय पाहिलंय ते आठवा. १६ फेब्रुवारी २०१५ ला कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे आणि उमाताई सकाळी फिरून घरी येत होते. मोटारसायकलवरून आलेल्यांनी अगदी जवळून गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धारवाडात प्रा. कलबुर्गींना त्यांच्या दारात मारलं. दोन वर्षांनी बंगळुरूत गौरी लंकेश. कलबुर्गी आणि लंकेश यांच्यावरच्या गोळ्या एकाच ७.६५ एमएमच्या गावठी पिस्तुलातून सुटल्या, असं न्यायवैद्यक तपासणीत आलं. ७.६५ म्हणजेच पॉइंट बत्तीस. छोटं, स्वस्त, लपवता येणारं. आपल्या भागात या वर्णनात बसणाऱ्या हत्याराने काय केलं ते हे असं.

आणि या तिघांपैकी कुणाच्या खिशात हत्यार असतं तर उपयोग झाला असता का? मला वाटत नाही. मारणारा ठरवून येतो, वेळ त्याची असते. आपल्याला कळेपर्यंत संपलेलं असतं.

गावठी हत्यार नुसतं बाळगलं तरी २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं, कमाल पाच वर्षं कैद आहे. झाडायची गरज नाही, जवळ सापडलं की पुरे. आमच्या त्या मित्राचं काय चाललंय माहीत आहे? रोज पहाटे पाचला उठून पळतोय. बेळगावच्या मराठा सेंटरमधून फौजेत जायचं त्याचं सातवीपासूनचं स्वप्न. एका झडतीत ते संपेल. वर दुसऱ्या दिवशी बातमी काय येईल? 'मराठी तरुणाकडे पिस्तूल.' त्याचं नाव विसरतील, पहिला शब्द राहील. पुढच्या प्रत्येक मोर्चाची परवानगी मागताना तो शब्द आपल्यासमोर ठेवला जाईल.

स्वसंरक्षणाचा हक्क आहे ना, असं कोणी म्हणेल. आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. पण जेवढी गरज तेवढंच बळ, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर तो हक्क लागू नाही. कोणी शिवी दिली, शर्टाला हात घातला, 'अमुक भाषेत बोल' म्हणून दमदाटी केली, यावर गोळी झाडणं कुठल्याच कोर्टात बचाव ठरणार नाही. बसमधल्या भांडणाचे प्रसंग बहुतेक याच जातीचे असतात. पिस्तूल बाहेर काढलं की दोनच शक्यता उरतात, एक तर तुम्ही गुन्हेगार, नाहीतर ते हिसकावलं गेलं आणि समोरच्याच्या हातात गेलं.

मला आपल्या निपाणीच्या कमळाबाई मोहिते आठवतात. जानेवारी १९५६ च्या आंदोलनात त्या गेल्या. १९८१ मध्ये निपाणीतच तंबाखूच्या भावासाठी शेतकरी हायवेवर बसले, तिथेही गोळीबार झाला, माणसं मेली. त्या गर्दीतल्या कुणी कंबरेला हत्यार लावून यायचं ठरवलं असतं, तर आज आपण त्यांना हुतात्मा म्हटलं असतं का? सरकारने दंगल म्हणून फाईल बंद केली असती. सीमाभागातल्या माणसाकडे सत्तर वर्षांत एवढी एकच गोष्ट शिल्लक आहे, की गोळी आपल्यावर चालली, आपण चालवली नाही. ती पंधरा हजारात विकायची काय?

मग भीतीचं काय करायचं, हा प्रश्न राहतोच. माझ्याकडे मोठं उत्तर नाही, लहान लहान आहेत. रात्रीच्या बसला एकटं जायचं नाही, ग्रुपवर सांगून जायचं. ११२ हा नंबर दोन्ही राज्यांत चालतो, तो स्पीड डायलवर ठेवा. प्रसंग घडला तर मोबाईलमध्ये चित्रण करा, पण पुढे पाठवायच्या आधी तक्रार द्या, आणि तक्रारीची पोच घ्या. तोंडी तक्रारीला काही अर्थ नाही. आपल्या भागातल्या एखाद्या वकिलाचा नंबर प्रत्येक कॉलेजच्या ग्रुपवर असायला हवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपले कानडी मित्र. माझ्या वर्गातल्या कानडी पोराने मला दोनदा गर्दीतून बाहेर काढलंय. तो शेजारी उभा असला की मला जेवढं सुरक्षित वाटतं, तेवढं कुठल्याही बत्तीसने वाटणार नाही.

मामाचं सांगायचं राहिलं. फॉर्म अर्धा भरून झाल्यावर त्याने विचारलं, "रात्री मोटारसायकल चालवताना हे कंबरेचं काढायला किती वेळ लागंल रे?" मी म्हटलं, "मामा, तुम्ही आधी गाडी थांबवणार की आधी पिस्तूल काढणार?" थोडा वेळ तो काही बोलला नाही. आता बाजारादिवशी निम्मं गिऱ्हाईक फोनवरून पैसे देतं, उरलेली रोकड तो उजेडातच भरतो, आणि येताना शेजारच्या दुकानदाराला सोबत घेतो. फॉर्म माझ्या टेबलाच्या खणात आहे.

मित्राने मात्र अजून मला उत्तर दिलेलं नाही. 'एक जण देतोय' म्हणाला होता, घेतलं की नाही ते सांगितलं नाही. रोज पहाटे पळताना दिसतो, हात करतो. हे वाचत असशील तर ऐक, लेका. घेतलं नसशील तर घेऊ नको. घेतलं असशील तर आज रात्री माझ्या घरी ये. वकिलाला विचारून मार्ग काढू, मी सोबत येतो. भरतीला अजून वेळ आहे.